पोस्टखालची ओळ

पान इतकं स्वच्छ होतं की आधी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं उघडलंय. शनिवारची दुपार होती, ढग पिचिंचा डोंगरावरून उतरून खिडकीच्या काचेपर्यंत आले होते, मी पायांवर कांबळं घेऊन बसले होते, आणि समोर माझीच, एका खिडकीत मिळणाऱ्या गरम उमितांवरची जुनी पोस्ट होती. जे फोटो कित्येक वर्षं राखाडी चौकोन होऊन बसले होते ते परत आले होते. मेलेल्या लिंका जिवंत झाल्या होत्या. वरती तिरक्या अक्षरांत एक सभ्य ओळ आली होती, ‘ही खिडकी आता बंद झाली आहे.’ आणि खाली, जिथे माझं लिहिणं संपतं आणि लोकांचं बोलणं सुरू होतं, तिथे काहीही नव्हतं. ‘या पोस्टवर कॉमेंट करणं बंद केलं आहे,’ एवढंच. मी पान वर नेलं, खाली आणलं, मिटवून पुन्हा उघडलं. खरं तर पहिल्याच नजरेत कळलं होतं.

हे काम वॉशिंग्टनचं. चोरून केलेलं नाही. ब्लॉगची किल्ली, पासवर्ड, मीच त्याला दिला होता. नाव वॉशिंग्टन असलं तरी हा माणूस क्विटोच्या बाहेर फारसा गेलेला नाही, आणि ब्लॉग लिहितो तोही शहरातल्या बंद पडलेल्या बसमार्गांवर. आमचं तिघांचं एक मंडळ आहे, त्याला आम्ही मिंगा म्हणतो. गावाकडे कुणाच्या घराचं छप्पर चढवायचं असलं, पाण्याचा पाट उपसायचा असला की सगळं गाव फावडी घेऊन येतं आणि ज्याचं काम तो जेवू घालतो, ती मिंगा. आमच्याकडे छप्पर नाही, पाट नाही. जुन्या पोस्ट आहेत. माणूस ब्लॉग लिहायला लागतो तेव्हा त्याला वाटतं, लिहिलं की झालं. पण लिहिलेल्यालाही गंज चढतो, हो. फोटो सांभाळणारी फुकटची कंपनी एके दिवशी बुडते, लिंका भलत्याच दुकानात नेऊन सोडतात, खाली ताकदीची औषधं विकणाऱ्यांची आणि जुगारवाल्यांची जत्रा भरते. हे आपलं आपल्याला साफ करता येत नाही. आपल्याच जुन्या लिहिण्यापाशी बसलं की माणूस झाडू बाजूला ठेवून वाचत बसतो, आणि वाचत बसला की दिवस गेलाच. म्हणून एकाचा ब्लॉग दुसऱ्याने आठवडाभर घासायचा आणि रविवारी ज्याचा ब्लॉग त्याच्या घरी तिघांनी जेवायचं. नियम एकच, आणि तो आमच्यातल्या तिसरीने, सोइलाने घालून दिलेला: लिहिणाऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही. चूक असली तरी नाही. बाकी सगळं झाडून काढा. सोइला गॅलरीतल्या कुंड्यांवर लिहिते, जिरेनियम, मावा, बुरशी. कचरा दिसला की तिचा हात आपोआप पुढे जातो. वॉशिंग्टन तिच्याही वरचढ. त्याला मी स्वतः सांगितलं होतं, ‘सगळं लख्ख कर रे बाबा.’ आणि त्याने केलं.

त्या पोस्टखाली एक ओळ होती. ‘अजून मिळतात का?’ नाव नाही, गाव नाही, नुसते तीन शब्द. चिंबाकाय्येच्या चढावर एका घराच्या खिडकीत दोन्या होसेफा, म्हणजे होसेफाबाई, मक्याच्या पानात वाफवलेल्या उमिता विकायची, तिच्यावरची ती पोस्ट. लोक असं काहीबाही विचारायचेच. मी लिहिलं, ‘मिळतात. सकाळी जा, गरम असतात.’ आणि विसरून गेले. काही महिन्यांनी तीच ओळ पुन्हा आली. तेच शब्द, तसंच निनावी. आणि या वेळी ती मी वाचली नाही, मला ती ऐकू आली. माझा मुलगा रोमेल शाळेतून यायचा तेव्हा दप्तर दारात टाकून थेट पातेल्याचं झाकण उचलायचा आणि म्हणायचा, ‘अजून आहे का?’ हाक नाही, काही नाही. होसेफाच्या खिडकीशी टाचा उंच करूनही त्याचं तेच. त्याच्याआधी सगळं जग येऊन खाऊन गेलं असणार, अशी त्या पोराला कायम धास्ती. मला जरासुद्धा शंका आली नाही. मी उठून आरशासमोर जाऊन आले, केस बरे आहेत का बघायला. एका ओळीसाठी! वेडीच बाई मी. पण त्या संध्याकाळी घरात इतकं उबदार वाटत होतं की मी कांबळं काढून ठेवलं होतं, हे मला आठवतं.

रोमेल स्पेनमध्ये मुर्सियाला गेला, तिकडच्या लिंबांच्या बागांत कामाला. जाण्याआधी त्यानेच हा ब्लॉग काढून दिला. मी तेव्हा बसस्टँडवर होते, भोंग्यावरून गाड्या पुकारायचे, अंबातो, रिओबांबा, लोहा, सुटायला तयार आहे. म्हणाला, ‘आई, दिवसभर भोंग्यावर बोलतेस आणि घरी येऊनही तुझं थांबत नाही. उरलेलं इथे लिही.’ आधी तो दर रविवारी फोन करायचा. मग सणासुदीला. मग एकदा म्हणाला की काम सुटलंय, दुसरं बघतोय, लागलं की करतो. तो फोन आलाच नाही. भांडण झालं असतं तर मी जाऊन मिटवलं असतं, मला भांडणं मिटवता येतात, बसस्टँडवर मी ड्रायव्हरांची मिटवली आहेत. इथे काही झालंच नव्हतं. त्याने केला नाही म्हणून मी केला नाही, आणि मी केला नाही म्हणून बहुधा त्याने. ताठ मान हा आमच्या घराण्याचा दागिना आहे, माझ्या आईनेही तो मरेपर्यंत उतरवला नव्हता. माझी भाची हानेथ तिच्या या आतेभावाशी बोलते. तिने मला त्याचा नवा नंबर पाठवला आणि बजावलं, ‘आत्या, फोन तू करायचास. काय विचारायचं ते त्याला विचार, मी मध्ये पडणार नाही.’ नंबर मी त्याच्या नावाने साठवून ठेवला. कधी दाबला नाही. गरजही वाटत नव्हती, कारण ती ओळ येत होती.

आणि मी उत्तरं देत होते. होसेफा म्हातारी झाली, इबार्राला लेकीकडे निघून गेली, खिडकीला फळ्या ठोकल्या गेल्या, तरी मी लिहीत राहिले, ‘मिळतात.’ बंद झाल्या म्हणून लिहिलं तर तो पुढे काय विचारणार? मग मी होसेफाच्या आडून माझं सांगायला लागले. ‘मिळतात. बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता जिना चढते.’ गुडघा माझा. ‘मिळतात. बाईने मागच्या खोलीला रंग दिलाय, पिवळा, खोली मोकळीच आहे.’ खोली कुणाची ते सांगायला नको. ‘मिळतात. बाईला आता सकाळी लवकर जाग येते, बोलायला कुणी नसतं, पण तब्येत ठणठणीत.’ असं काय काय. दोघाचौघा वाचकांनी शिव्या घातल्या, ‘बाई, उगाच तो चढ चढायला लावलात, तिथे तर फळ्या आहेत,’ त्या मी गुपचूप पुसून टाकल्या. त्याच्याकडून मात्र तीन शब्दांपलीकडे कधी काही आलं नाही. मी म्हणायचे, नसेल बोलायचं त्याला, विचारतोय ना, पुष्कळ झालं. आता शनिवारी, त्या लख्ख पानासमोर बसून, मला एकच दिसत होतं. तो आज ना उद्या येणार. वरची पाटी वाचणार, खाली बघणार, विचारायला जागाच नाही. त्याला वाटेल, आईने दार लावून घेतलं. ती कल्पना माझ्याने सहन होईना. मी वॉशिंग्टनला फोन करायला घेतला आणि ठेवला. काय सांगणार होते? त्याने कचरा काढला होता, मिंगाच्या नियमाने. माझ्या शब्दाला त्याने हात लावला नव्हता. माझे शब्द त्या ओळीला चिकटलेले होते, तिच्याबरोबर गेले.

रविवारी सकाळी मी मंडईतून पिवळे बटाटे आणले, ताजं चीज आणलं, अवाकाडो दाबून बघून घेतले. ज्याने आपलं सगळं पुसून टाकलं त्याच्यासाठी लोक्रोचं सूप ढवळत उभं राहणं ही काही साधी गोष्ट नाही. बटाटा वितळत होता, वाफेने चष्मा धुरकट होत होता, आणि मी मनातल्या मनात त्या माणसाला अशी काही झापत होते की त्याच्या सात पिढ्यांना ऐकू गेलं असतं. मीठ दोनदा चाखून बघितलं, रागाच्या भरात खारट व्हायला नको म्हणून. राग असला तरी लोक्रो बिघडवायचा नाही, एवढं मला कळतं. वाट बघताना सारखं वाटत होतं की याच क्षणी तिकडे तो पान उघडतोय. त्याचा अंगठा मला दिसत होता, लहानपणी दारात सापडून नख वाकडं झालेला.

“आचाचाय!” सोइला दारातूनच हात चोळत ओरडली. “तार्खेलिया, तुझ्या जिन्यात बर्फाचं दुकान टाकावं.”

मागून वॉशिंग्टन आला, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाकिटाच्या आत धरलेला, तान्ह्या पोराला आणावं तसा. “दोन्या, बघितलंत का? आधी सांगा, बघितलंत का!”

“बघितलं.”

“मग? लख्ख की नाही?”

“इतकं लख्ख की पाय घसरला.”

तो खूश होऊन हसला. त्याला टोमणा कळत नाही, हा त्याचा गुणच म्हणायचा. जेवायला बसेपर्यंत तो बोलतच होता, बुडालेल्या कंपनीतले फोटो त्याने कुठल्या जुन्या साठ्यातून खणून काढले, कुठली लिंक कुठे पोचत होती, आणि पोस्टींखाली किती घाण साचली होती. “तुम्ही कधी फिरकतच नव्हता वाटतं तिकडे. एकच ओळ पुन्हा पुन्हा. सगळ्यांवर खूण केली आणि एका फटक्यात साफ.” मी त्याच्या ताटलीत लोक्रो वाढला. अवाकाडोची मोठी फोड मुद्दाम त्याला दिली, का ते मला सांगता येणार नाही.

“वॉशिंग्टन,” मी म्हटलं, “उमितांच्या पोस्टखाली जे होतं ते परत आणता येईल?”

“कुठलं? ‘अजून मिळतात का’वालं? अहो, तो कचरा आहे दोन्या.”

“कचरा नाही. तो रोमेल आहे.”

हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले होते. ऐकायला ते फार लहान वाटलं. वॉशिंग्टनचा चमचा वरच थांबला. सोइलाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग तिने टेबलाखाली त्याला अशी लाथ मारली की सगळ्यांचं सूप हिंदकळलं.

“असणारच,” ती म्हणाली. “आईला नाही कळणार तर कुणाला? वॉशिंग्टन, तू गपचूप जेव.”

तो जेवला नाही. त्याचे कान लाल झाले. तो ‘हो’ म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता, आणि हे त्यालाही कळत होतं, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. बिचारा. मी त्याच्या जागी असते तर खोटं बोलले असते आणि दुसरी वाटी मागितली असती. त्याने ताटली सरकवली, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “दोन्या, तो माझ्याकडेही येतो.”

“कोण?”

“तोच. हे बघा.” त्याने पडदा माझ्याकडे वळवला. त्याच्या ब्लॉगचा कचऱ्याचा ढीग होता तो, आणि त्यात, कधीच्याच बंद पडलेल्या एका बसच्या पोस्टखाली, ‘अजून मिळतात का?’ त्याच्याखाली बसच्या तिकिटांवरच्या पोस्टलाही तेच. ड्रायव्हरांच्या टोप्यांवरच्या पोस्टलाही तेच. नाव नाही, गाव नाही. “सोइलाताईंकडे पण आहे. विचारा त्यांना.”

सोइलाने पावाचा तुकडा मोडला. “माझ्याकडे बुरशीच्या पोस्टखाली आलं होतं,” ती म्हणाली. “अजून मिळतात का, म्हणे. बुरशी!” आणि तिला हसू फुटलं, तिने दचकून तोंडावर हात दाबला, आणि मग मीच हसायला लागले. खरंच हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी नंतर थांबेना, तेव्हा सोइलाने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“पण ते परत परत का येतं?” मी विचारलं.

“यंत्र असतं ते,” वॉशिंग्टन खालच्या आवाजात म्हणाला. “कुठेही खपेल अशी एक ओळ सगळीकडे टाकतं आणि बघतं, कोण उत्तर देतंय. उत्तर आलं की त्याला कळतं, इथे कुणीतरी राहतंय. मग ते तिथे परत येतं.”

“म्हणजे मी उत्तर देत होते म्हणून ते येत होतं.”

“हो, दोन्या.”

तर गुडघ्याचं मी एका यंत्राला सांगितलं होतं. मागच्या खोलीचा रंगसुद्धा. माझ्या अंगावरून शरमेची एक लाट गेली, नोकरीच्या पहिल्या दिवशी भोंगा चालू राहिला होता आणि माझं बडबडणं सगळ्या स्टँडने ऐकलं होतं, तेव्हा गेली होती तशी. पण शरमेचं काय, ती ओसरते. तिच्या मागून जे आलं ते ओसरणारं नव्हतं. तो जर रोमेल नव्हता, तर रोमेलने इतक्या वर्षांत काहीच विचारलेलं नव्हतं. एकदाही नाही. मी कालपासून घाबरत होते की त्याच्या तोंडावर दार लागलं, आणि दारात कुणी उभंच नव्हतं. मला त्या ओळीचा एवढा राग आला आणि त्याच वेळी तिची एवढी आठवण आली. मेलेल्या माणसाची येते तशी. सोइलाचा हात माझ्या पाठीवर होता, मातीत काम करून खरखरीत झालेला, आणि लोकरीच्या स्वेटरला तो अडकत होता. बाहेर अचानक ऊन पडलं, इथे पडतं तसं, भाजणारं, आणि टेबलावरचे सगळे डाग दिसायला लागले. मला वाटत होतं, या दोघांनी आता घरी जावं. आणि त्याहून जास्त वाटत होतं की जाऊ नये.

“मी ती बंदची ओळ काढतो,” वॉशिंग्टन म्हणाला. त्याची बोटं आधीच चालू झाली होती. “कॉमेंट परत उघडतो. तुमची उत्तरंही कुठल्या साठ्यात सापडतील, मी खणून काढतो.”

“राहू दे. खिडकी बंदच आहे ती. खरं तेच लिहिलंयस तू.”

“पण उत्तरं?”

“ती आता कुणाला वाचून दाखवू?”

चांगला माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तो लॅपटॉप पिशवीत घालत होता, पिशवी उलटी धरून.

“मग आता त्यालाच विचार ना,” सोइला म्हणाली.

“काय विचारू?”

“काहीही. जेवलास का म्हणावं. तिकडे आता रात्रीची जेवणंच होत असतील.”

हे तिने इतक्या सहज म्हटलं, कुंडीला पाणी घालायला सांगावं तसं. आणि या दोघांपासून झाकण्यासारखं आता उरलं तरी काय होतं? त्यांनी माझा सगळा कचरा बघितला होता. मी फोन घेतला. त्याचं नाव सापडलं. दाबलं. तिकडची रिंग आपल्यासारखी नसते, लांब वाजते आणि लांब थांबते. थांबली की मला वाटायचं, उचलला. वॉशिंग्टन श्वास धरून बसला होता. मी ठेवणारच होते.

“हॅलो, कोण?” बारीक आवाज. मुलीचा.

नंबर चुकला, मला वाटलं, आणि खरं सांगते, हायसं वाटलं. “रोमेल आहे का?” मी विचारलं. माझा स्टँडवरचा आवाज लागला होता, गाडी पुकारायचा.

“पापा आंघोळ करतोय.”

पापा. मी टेबलक्लॉथची वीण बघत राहिले. हानेथ का मध्ये पडत नव्हती ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. सोइलाने भुवया उंचावून ‘काय?’ विचारलं, मी नुसती मान हलवली. मुलगी थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता, जरा सर्दी झालेला.

“कोण म्हणून सांगू?” तिने विचारलं. कुणीतरी शिकवलं होतं तिला असं विचारायला, नीट, अदबीने.

“आजी,” मी म्हटलं. “आजी म्हणून सांग.”

फोन हातात घेऊनच ती पळाली. चपलांचा फटफट आवाज, मग दारावर थापा. “पापा! आजीचा फोन!”

आतून, पाण्याच्या धारेतून, उत्तर आलं. आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता. “सांग, बाहेर आलो की करतो. तुझी आई अजून कामावरून यायचीय म्हणावं.”

“ती आजी नाही, पापा,” मुलगी म्हणाली. “दुसरी. तुझी. क्विटोची.”

पाणी बंद झालं.